मामांच्या शॉपातलं खोकं का बंद पडत होतं

जून संपता संपता मामांचा पहिला फोन आला, "अरे तुझं ते खोकं झोपलंय बग, मशीनला प्रोग्रॅम जाईना." मला वाटलं लाईट गेली असंल, म्हटलं बटण बंद करून चालू करा, त्यांनी केलं, चालू झालं, विषय संपला. पण तो विषय पुढं ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालला. त्या दीड महिन्यात काय काय तपासलं, कुठं भलत्याच वाटेला लागलो आणि शेवटी काय सापडलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण असंच खोकं बसवलेली अजून दोन-तीन शॉप माझ्या ओळखीत आहेत, आणि आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हिकडं तर अशी शॉप गल्लोगल्ली आहेत.

आधी खोकं म्हणजे काय ते सांगतो, ऑफिस आणि मशिनं यांच्या मध्ये गाळणी म्हणून मी बसवलेला जुना कॉम्प्युटर. मामांचं शॉप शिवाजी उद्यमनगरात, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिनं), एक सीएनसी लेथ आणि बाकी जुनी मशिनं. काम बहुतेक बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचं, पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हची कव्हरं असलं. प्रोग्रॅम ऑफिसातल्या पीसीवर तयार होतो आणि लॅनवरनं मशीनला जातो. गेल्या वर्षी त्या पीसीत कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरनं व्हायरस शिरला आणि एका मशीनच्या शेअर फोल्डरपर्यंत पोचला, दोन दिवस काम ठप्प. तेव्हाच ठरवलं की ऑफिस आणि मशिनं यांच्या मध्ये काहीतरी गाळणी पाहिजे. अडचण अशी की मशिनांचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) ज्यानं घातले तो माणूस कवाच सोडून गेलाय, आणि कंट्रोलरच्या सेटिंगला हात लावायचा म्हटलं की सर्व्हिस इंजिनिअर बोलवा, त्याची व्हिजिट द्या, आणि तो येईपर्यंत थांबा. मध्ये राउटर टाकला असता तर एका बाजूचे सगळे आयपी बदलायला लागले असते. म्हणून ब्रिज.

एक जुना डेस्कटॉप घेतला, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन लिनक्स. एक लॅन पोर्ट बोर्डावरचाच, दुसरं कार्ड राजारामपुरीतनं आणून स्लॉटात बसवलं. एका पोर्टात ऑफिसच्या स्विचची वायर, दुसऱ्यात मशिनांच्या स्विचची, आणि दोन्ही पोर्ट मिळून एक ब्रिज. ब्रिज आयपी बघत नाही, तो खालच्या थरावर काम करतो, कुठला मॅक ॲड्रेस (लॅन कार्डाचा स्वतःचा नंबर) कुठल्या बाजूला राहतो हे लक्षात ठेवतो आणि फ्रेम (डेटाचं पाकीट) त्या बाजूला सोडतो, बास. मशीनला कळतसुद्धा नाही की मध्ये कुणी उभं आहे. आणि मध्ये उभं राहून एनएफटेबल्सचे (लिनक्सची फायरवॉल) चार नियम लावले, ऑफिसच्या एकाच पीसीकडनं ठराविक पोर्ट नंबरवर (वायरीचं भोक नव्हे, सॉफ्टवेअरचा दरवाजा) जाऊ दे, बाकी सगळं अडव. खोक्याला स्वतःला एक आयपी दिला तो फक्त मला लॉगिन करता यावं म्हणून. जानेवारीत बसवलं आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याच्याकडं कुणाला बघायलासुद्धा लागलं नाही.

आता हे "जूनच्या मध्यापर्यंत" मी आज लिहितोय तसं तेव्हा माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. जूनच्या मध्यात कोल्हापुरात काय सुरू होतं ते कुणालाबी विचारा.

तिसऱ्या फोननंतर मी रविवारी जाऊन बसलो. पहिला धक्का म्हणजे लॉगच नव्हता. जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, डिस्कवर ठेवलंच जात नव्हतं, ते रॅममध्ये लिहिलं जात होतं, म्हणजे खोकं बंद पडलं की पुरावाही त्याच्याबरोबर गेला. ते आधी नीट केलं. मग आपल्याला जे येतं तेच माणूस आधी करतो तसं मी केलं, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केला, लॅन कार्डाचे ऑफलोड बंद केले (कार्डावर सोपवलेली पाकिटं जोडायची-तोडायची कामं परत सीपीयूकडं घेतली), आणि सीपीयूला खोल झोपेत जायला बंदी घातली, कारण काही प्रोसेसर त्या झोपेतनं उठत नाहीत असं वाचलं होतं आणि ते खरंही आहे. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी.

आणि खोकं एकदम सुतासारखं सरळ चाललं. आठ दिवस गोठणं नाही, हँग नाही. मध्ये एकदा आपोआप रीस्टार्ट झाला तो मी लाईटवर ढकलला. मी दोन मित्रांना सांगूनसुद्धा मोकळा झालो की ऑफलोडचाच प्रॉब्लेम होता. ते आठ दिवस मामा दिंडीबरोबर पंढरपूरला गेले होते. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलंसुद्धा नसतं.

आषाढी झाली, मामा आले, बुक्का-प्रसाद घरी पोचला, आणि चौथ्या दिवशी फोन. "झोपलं रे परत."

तेव्हा पहिल्यांदा मी विचारलं, मामा, झोपलं म्हणजे नेमकं काय झालं? स्क्रीन काळी होती का? पंखा फिरत होता का? लॅनचे दिवे लागलेले का? मामा म्हणाले, "आता ते काय मी बघितलं न्हाई, प्रोग्रॅम जाईना म्हटल्यावर बटण दाबलं." आणि त्यांचं काही चूक नाही. त्यांच्या दृष्टीनं प्रोग्रॅम गेला म्हणजे चालू, नाही गेला म्हणजे बंद. चूक माझी होती की त्यांच्या एका शब्दाला मी एकच बिघाड धरून बसलो होतो.

मग वही सुरू केली. हे ज्या कुणाला असला बिघाड शोधायचाय त्यानं सगळ्यात आधी करावं, कुठल्याबी कमांडच्या आधी. ऑफिसात हिशेब बघणाऱ्या ताई आहेत, त्यांना एक साधी वही आणून दिली आणि रकाने सांगितले. किती वाजता. स्क्रीनवर काय दिसतंय. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबला तर त्याचा दिवा लागतो-विझतो का. मागच्या दोन लॅन पोर्टांचे दिवे विझलेत, लुकलुकतायत का पिसाटल्यासारखे सलग पेटलेत. आणि त्या वेळी शॉपात काय चालू होतं. कॅप्स लॉकचा दिवा ही लै कामाची गोष्ट आहे, तो बदलला तर कर्नल जिवंत आहे, नाही बदलला तर आत सगळंच गोठलंय, आणि हे बघायला कॉम्प्युटरमधलं काही यावं लागत नाही. ताईंनी ती वही इतकी नेटकी ठेवली की मिनिटासकट वेळ, वर त्या दिवशी पाऊस किती होता तेपण त्यांनी आपणहून लिहिलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १४ नोंदी झाल्या. आणि वाचल्यावर लख्ख दिसलं की हा एक बिघाड नाहीच, हे तीन आहेत. ५ वेळा खोकं पूर्ण गोठलेलं, स्क्रीनवरचं घड्याळ थांबलेलं, कॅप्स लॉक मेलेला. ६ वेळा आपोआप रीस्टार्ट. आणि ३ वेळा खोकं जिवंत, पण दोन्ही पोर्टांचे दिवे सलग पेटलेले आणि पलीकडं काहीच जात नाही. एकाच्या औषधानं दुसरा कसा बरा होणार?

सोप्याकडनं सुरुवात केली, दिवे सलग पेटायचे ते. हे मी समोर असताना झालं म्हणून बरं. खोक्यासमोर बसलो तर टाइप केलेलं अक्षर चार-पाच सेकंदांनी उमटतंय, सीपीयू सगळा इंटरप्टमध्ये (लॅन कार्डाच्या हाकांना ओ देण्यात) अडकलेला. ऑफिसच्या स्विचचेपण सगळे दिवे पिसाटलेले. हे चित्र एकदा बघितलं की विसरत नाही, हा लूप. वायर धरून चालत गेलो तर मशिनांच्या स्विचच्या मागं एक पिवळी पॅच कॉर्ड, पत्र्याच्या कपाटाच्या पाठीमागनं थेट ऑफिसच्या स्विचला गेलेली. म्हणजे ऑफिस आणि मशिनं खोक्यातनंही जोडलेली आणि ह्या वायरीनंही जोडलेली. इथरनेटच्या फ्रेमला आयपीसारखा आयुष्याचा आकडा नसतो, कितीवेळा फिरली की मरायचं हे तिला माहीतच नसतं, त्यामुळं एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा संदेश) गोल फिरायला लागला की फिरतच राहतो, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती निघतात.

वायर कुणी लावली ते विचारलं तर रात्रपाळीचा ऑपरेटर स्वतःहून पुढं आला. म्हणाला, "दादा, त्या रात्री खोकं बंद पडलंतं, जॉब अर्जंट होता, सकाळी गाडी भरायची होती, म्हणून सरळ जोडून टाकलं. सकाळी काढायचं राहिलं." आता त्याला काय बोलणार, त्यानं शॉप चालू ठेवलं होतं. बंद खोक्याला वळसा घालून वायर टाकली तोपर्यंत सगळं ठीक, सकाळी कुणीतरी खोकं चालू केलं आणि लूप तयार. म्हणजे एका बिघाडातनं दुसरा जन्माला आला होता. लूप होऊनपण शॉप अधूनमधून चालायचं कारण ती वायर थोडी ढिली होती, क्लिप तुटलेली, हलली की सुटायची.

लूपवरचा उपाय स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन ह्या बाईंनी १९८५ साली डीईसी कंपनीत असताना शोधलेला, आणि आज ४० वर्षांनंतरसुद्धा तो मुळातला विचार तसाच कामाला येतोय. लिनक्सच्या ब्रिजमध्ये तो आहे, पण आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही, आणि मी केला नव्हता. चालू केल्यावर पोर्ट लगेच पाकिटं सोडत नाही, १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो, म्हणजे वायर काढून घातली की अर्धा मिनिट थांबायला लागतं, हे शॉपात सगळ्यांना सांगून ठेवलं, नाहीतर त्यालापण "बंद पडलं" म्हणतील.

पण इथं एक गोम आहे आणि ती मला रात्री घरी येताना दसरा चौकात सिग्नलला थांबल्यावर लक्षात आली. स्पॅनिंग ट्री लूप तोडतो म्हणजे काय करतो? आमचे दोन्ही स्विच साधे, त्यांना एसटीपी (हाच स्पॅनिंग ट्री) कळत नाही, त्यामुळं खोक्यालाच आपला संदेश फिरून आपल्याच दुसऱ्या पोर्टावर आलेला दिसणार आणि ते आपला एक पोर्ट बंद करणार. वादळ थांबलं, पण मग सगळी ये-जा त्या पिवळ्या वायरीतनं, गाळणीशिवाय! सगळं छान चालतंय असं दिसणार आणि ज्यासाठी खोकं बसवलं ते कामच होत नसणार. म्हणून नुसतं एसटीपी चालू करून सोडणं मला पटलं नाही. पोर्ट अडवला गेला की मला मेसेज येईल अशी छोटी स्क्रिप्ट लावली, आणि इमर्जन्सीसाठी वेगळी सोय केली. ५० पैशाच्या नाण्याएवढ्या तोंडाचा एक जॉइनर मिळतो, दोन लॅन वायरी समोरासमोर जोडायचा, तो दोरीनं खोक्याला बांधून ठेवला. खोकं बंद पडलं तर त्याच्या मागच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि ह्याच्यात घालायच्या. वायरी दोनच, त्या एकतर खोक्यात असतील नाहीतर जॉइनरमध्ये, दोन्हीकडं असूच शकत नाहीत, म्हणजे लूप व्हायचा प्रश्नच मिटला. आणि तसं केलं की वहीत लिहायचं.

आपोआप रीस्टार्टचं फार लांबवत नाही. लॉगमध्ये शटडाऊनची एक ओळ नाही, ओळ अर्धवट तुटून थेट पुढचा बूट, म्हणजे करंटच गेलेला, आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आली की आपोआप चालू हो असं मीच ठेवलेलं. वहीत सहापैकी पाच नोंदींपुढं ताईंनी "कंप्रेसर सुरू झाला" असं लिहिलेलं. यूपीएस होता पण बॅटरी मेलेली, तो नुसता एक्स्टेंशन बोर्डाचं काम करत होता. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवतो) ठेवून खोक्याच्या एसएमपीएसमधनं (पॉवर सप्लाय) निघणाऱ्या बारा व्होल्टाच्या पिवळ्या वायरीवर लावला, एरवी ११.९ व्होल्ट आणि कंप्रेसरची मोटर उठताना ११.१. त्या वायरीवर ५ टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. एसएमपीएस उघडला तर आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. चांगला एसएमपीएस लाईट साधारण १६ मिलिसेकंद गेली तरी तग धरतो, ह्याच्यात तेवढाही दम राहिला नव्हता. नवा एसएमपीएस, यूपीएसला नवी बॅटरी, आणि ते सहाही रीस्टार्ट त्या दिवसापासून गायब.

राहिलं गोठणं. ह्यानं खरं रडवलं.

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवला, सकाळी ६ फेऱ्या पूर्ण आणि एकही एरर नाही. टेंपरेचर ५० च्या आसपास. मग नेटकन्सोल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मरता मरता कर्नल जे बोलतो ते डिस्कवर जाईलच असं नसतं, डिस्कपर्यंत पोचायच्या आतच सगळं थांबतं, नेटकन्सोल तेच शब्द थेट यूडीपीनं दुसऱ्या मशीनकडं फेकतो. माझा जुना लॅपटॉप ऑफिसात ऐकत बसवला. पाच दिवसांनी खोकं गोठलं, मी धावत गेलो, लॅपटॉपवर शेवटची ओळ आदल्या रात्रीची. एक शब्द नाही. कर्नल पॅनिक (कर्नल कोलमडणं) असता तर बहुतेक वेळा काहीतरी बोलून जातो, ड्रायव्हर अडकला असता तर वॉचडॉग (काही अडकलंय का बघणारा राखणदार) ओरडतो. इथं बोलायला सवडच मिळत नव्हती. तेव्हा माझं मत फिरलं, हे सॉफ्टवेअर नाही.

वही परत काढली. पाच गोठण्यांपैकी चार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या आत. सुट्टीच्या दिवशी तर शॉप बंद, कोणी हात लावत नाही. मग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काय होतं? ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "काय नाही, साफसफाई. मामा स्वतः करतात की."

मी त्या संध्याकाळी मुद्दाम गेलो. मामांनी सगळी मशिनं पुसून घेतली, देव्हाऱ्यातली अंबाबाईची तसबीर पुसली, मग एअर गन घेतली आणि खोक्याचं साइडचं पत्र्याचं झाकण काढून आत हवा मारली. चांगली पाच मिनिटं, कोपऱ्या-कोपऱ्यातनं, एकदम मन लावून. म्हणाले, "तुझं यंत्र हाय, म्हटलं धूळ बसायला नको."

मी बंद करायला लावलं आणि टॉर्च घेऊन आत बघितलं. कार्डाच्या स्लॉटाभोवती काळपट, ओलसर थर. बोटावर घेतला तर शिशपेन्सिलीसारखा चिकटला. एक कागद घेतला, त्यावर ती पूड थोडी झटकली आणि कागदाखाली मॅग्नेट धरला. सगळी पूड केसासारखी उभी राहिली, मॅग्नेट फिरवला तशी फिरायला लागली. मामा चष्मा लावून बघत होते, एकदम गप्प.

बीडाचं असं असतं की त्यात ग्राफाइट असतं, त्यामुळं मशीनिंग करताना स्टीलसारखी लांब साखळी निघत नाही, तुकडे आणि बारीक काळी पूड निघते. ती हवेत उडते, सगळीकडं बसते, आणि ती लोखंड आणि ग्राफाइट म्हणजे दोन्हीही करंट नेणारे. नुसती बसून राहिली असती तर कदाचित काही झालं नसतं. पण एअर गननं ती स्लॉटाच्या आत, कार्डाच्या पट्ट्यांपर्यंत ठोकली जात होती. आणि पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, रोज खालचा कॉक उघडून काढायला लागतं, नाही काढलं तर हवेबरोबर पाण्याचे फवारे येतात. पूड अधिक पाणी, ते पिनांच्या मध्ये. जानेवारी ते जून हवा कोरडी होती म्हणून तीच साफसफाई पचत होती. आणि आषाढीच्या आठवड्यात मामा नव्हते म्हणून हवा मारली नव्हती, त्याचं श्रेय मी ऑफलोडला देऊन बसलो होतो.

तरी लगेच विश्वास ठेवला नाही, एकदा तोंड पोळलं होतं. एक आठवडा काही बदललं नाही, फक्त हवा मारायची नाही एवढंच. गोठलं नाही. मग कार्ड काढलं, पट्ट्या खोडरबरनं घासल्या, स्लॉट आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं साफ केला, दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर जोडला. मग त्या पहिल्या रविवारी केलेले तिन्ही बदल एकेक करून, प्रत्येकी आठवडाभराच्या अंतरानं उलटे फिरवले. ऑफलोड चालू, सीपीयूची झोप चालू, जुना कर्नलपण लावून बघितला. काही फरक पडला नाही.

खोकं आता शॉपातनं उचलून ऑफिसच्या आत भिंतीवरच्या बंद कपाटात ठेवलंय, दाराला फिल्टरची जाळी, वायरी दोन्ही तिथवर लांबवल्या. हार्डवेअर वॉचडॉगपण चालू केलाय, पुन्हा कधी गोठलंच तर मिनिटाभरात स्वतः रीस्टार्ट घेईल. काल लॉगिन करून बघितलं तर ६३ दिवस सलग चालू. एक अर्थिंग राहिलंय, खड्ड्याचं पाणी आटलंय असं इलेक्ट्रिशियन म्हणतो, ते ह्या महिन्यात करून घ्यायचंय.

मामांना वाईट वाटलं होतं, दोन दिवस त्या कपाटाकडं फिरकले नाहीत. मी म्हटलं, मामा, कंप्रेसरचा कॉक रोज उघडायचा ते तेवढं तुमच्याकडं. आता सकाळी देवाला अगरबत्ती लावली की पहिलं काम ते, पाणी किती निघालं ते ताईंना सांगतात, आणि वहीत त्याचा एक नवा रकाना आखलाय.